परकारचाचांचा घाट

"मंडळी, पट्टे लावा. घाट लागला."

दर गुरुवारी संध्याकाळी आमची कंपनीची बस प्लांटच्या गेटातून बाहेर पडली की ही घोषणा होते. आधी मराठीत, मग हिंदीत, मग नुसते हात हलवून, कारण मधल्या दोन रांगा फिलिपिनो आहेत.

आता खिडकीतून बाहेर बघावं तर सौदीतल्या जुबैलचा रस्ता. पोळपाट बरा, इतका सपाट. एका टोकाला प्लांट, दुसऱ्या टोकाला आमचा कॅम्प, मधे अठ्ठावीस किलोमीटर वाळू आणि विजेचे खांब. अख्ख्या रस्त्याला वळण एकच, ते गेटापाशी, आणि तेही कोणीतरी चुकून ठेवल्यासारखं. तरी स्टिअरिंगवरचा माणूस अंग डावीकडे झुकवतो, गाडी हळू करतो, समोरून कोणी आलं तर म्हणून हॉर्न देतो आणि सांगतो, "उजव्या हाताला दरी हाय. ज्यांना चक्कर येते त्यांनी बघू नका."

मागच्या सीटवरचे केरळचे दोघं खरंच बघत नाहीत.

हे परकारचाचा. मूळ गाव खेडच्या पुढे, खाडीकाठी. वय साठीला टेकलेलं, दाढी पांढरी, मेंदी लावायच्या आठवड्यात नारिंगी. सौदीत सव्वीस वर्षं झाली आणि सव्वीस वर्षं हाच रस्ता. त्याआधी गावाकडे ट्रक चालवायचे, जांभा दगडाचा. घाटाशिवाय रस्ता असतो हे त्यांना इथे आल्यावर कळलं. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी सुपरवायझरला विचारलं होतं, "रस्ता कुठे हाय? ही तर पट्टी हाय."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "चढतो कोणपण. ड्रायव्हर कळतो तो उतरताना." हे ते कशालाही लावतात. प्रमोशन, लग्न, मेसमधली बिर्याणी, काहीही.

मी चिपळूणचा. शाळा तिथलीच, आणि शाळेत माझी ख्याती एकच होती, दुसऱ्याचे आवाज काढणं. नववीत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात माईकवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. निम्मी शाळा घरी पोचली तेव्हा खरे मुख्याध्यापक शौचालयातून बाहेर आले. तर असा माणूस बसमध्ये चाचांच्या मागच्याच सीटवर बसवला तर काय होणार? पंधरा दिवसांत मी चाचा काढायला लागलो. आधी घशातली खरखर, मग एक छोटा खोकला, मग "मंडळी". कॅम्पच्या मेसमध्ये लोक मला जास्तीचं ऑम्लेट देऊन चाचा ऐकायचे. एकदा खुद्द चाचा मागे उभे होते. ते म्हणाले, "खोकला बरा काढतोस. पण दरी विसरलास."

आता हा घाट कुठला, तर बोगोटाचा. बोगोटा म्हणजे कोलंबिया देशाची राजधानी, दक्षिण अमेरिकेत. इथून तिथे जायला अख्खा दिवस विमानात बसावं लागतं. चाचांनी ती पाहिली एका पुस्तकात.

चाचांच्या सीटखाली एक खोका असतो, बसमध्ये लोकांच्या विसरलेल्या वस्तूंचा. त्यात गॉगल आहेत, एक डाव्या पायाचा बूट आहे, आणि वरच्या दातांची एक कवळी आहे. तिचा मालक काय खात असेल या विचारानं चाचा अधूनमधून हळहळतात. सात वर्षांपूर्वी ऑस्कार नावाचा एक कोलंबियन इंजिनिअर तीन महिने त्यांच्या बसनं जायचा. जाताना त्याचं पुस्तक सीटच्या खिशात राहिलं. चाचा ते घेऊन विमानतळापर्यंत गेले, तोवर विमान उडालं होतं. पुस्तकाचं नाव साधारण असं, की बोगोटात राहता ना, मग शनिवार-रविवारी तीन तासांच्या आत कुठे कुठे जाऊन याल. पानापानावर फोटो आणि नकाशे. चाचांनी त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, म्हणजे ऑस्कार आला की जसंच्या तसं परत देता येईल. आणि ऑस्कार येईपर्यंत नुसतं ठेवून काय करायचं, म्हणून वाचायला घेतलं.

चाचांची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी ते अक्षर अक्षर टोचत वाचतात, कोंबडी दाणे टिपते तसं. मी आल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. गुरुवारी बस सुटायच्या आधी पंधरा मिनिटं मी एक पान वाचून अर्थ सांगायचा, की पाच वाजता तेच पान दरीसकट प्रवाशांना मिळायचं.

"झिपाकिरा. एक तासावर. मिठाची खाण हाय, जमिनीच्या पोटात, आणि त्यात चर्च. भिंत चाटलीस तर खारट. ऑस्कारनं चाटलेली, मला सांगितलान."

"ग्वाताविता. तळं. वाटोळं, हिरवंगार. पूर्वी राजा अंगाला सोनं फासून त्यात उडी मारायचा. आता पोहायला बंदी."

एका पानाशी मात्र चाचा अडले. बोगोटा उंचावर, तिथे बारा महिने थंडी. म्हणून तिथली माणसं शनिवारी डोंगर उतरून खालच्या गावांना जातात, कशाला, तर उकडायला. हे मी वाचलं तेव्हा जुलै होता, बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आणि बसचा एसी कधी चालू कधी बंद.

"परत वाच," चाचा म्हणाले.

परत वाचलं.

"म्हणजे पदरचं पेट्रोल जाळून घाम काढायला जातात?"

"हो चाचा. हॉटेल घेऊन राहतात."

चाचांनी रुमालानं मान पुसली. "त्यांना सांग, इकडे या. फुकट हाय."

बोगोटात मोठ्या सुट्टीहून परतताना गर्दी होते, म्हणून सम नंबरच्या गाड्या आधी शहरात घेतात आणि विषम नंतर, असं पुस्तकात होतं. पुढच्या गुरुवारी कॅम्पला पोचल्यावर चाचांनी दार अर्धंच उघडलं. "सम सीटवाले आधी उतरतील." सगळे हसले आणि तसेच उतरले. तेव्हापासून आमच्यात तीच रीत आहे. नवीन आलेल्या माणसाला वाटतं हा सौदीचा कायदा आहे.

हे सगळं मी चेष्टेवारी नेत होतो. एका शनिवारपर्यंत.

आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी चाचा नमाजाला जातात, कपडे धुतात, मटण करतात. शनिवारी सकाळपासून मात्र त्यांच्या खोलीचं दार बंद आणि फोनही बंद. झोपत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या शनिवारी दुपारी पावणेदोनला त्यांनी माझं दार वाजवलं. लुंगी, गळ्याला मफलर, तोंडातून फक्त हवा. घसा पार बसलेला. हातात एक कागद होता. त्यावर लिहिलेलं, "रुकय्येला फोन. माझ्या आवाजात. आज ग्वाताविता. सकाळी सातला निघालो, आता उतरलो."

मी कागद दोनदा वाचला. "चाचीला? कुठे निघालात? कुठनं उतरलात?"

त्यांनी हात जोडले. चाचांनी हात जोडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, म्हणून पुढे काही विचारलं नाही. फोन लावला, घशात खरखर आणली, खोकलो.

"रुकय्या. उतरलो गं."

"उतरलात?" पलीकडून लगेच आवाज. फोन हातातच धरून बसल्यासारखा. "आज कुठे गेलेलात?"

"तळ्यावर. वाटोळं हाय, हिरवं. राजा सोनं फासून उडी मारायचा."

"वळणं किती होती?"

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी बोटांनी दाखवलं, चाळीस.

"चाळीस."

"या अल्ला. सावकाश घेतलीत ना?"

"चढतो कोणपण," मी म्हणालो. "ड्रायव्हर कळतो तो उतरताना." चाचांनी अंगठा वर केला. मला चेव आला, आणि मी कागदात नसलेलं एक वाक्य पदरचं घातलं. "तू कशी हायस?"

पलीकडे एकदम शांतता. मग चाची म्हणाली, "बरी हाय. बरं, ठेवते. आता जेवते."

भारतात तेव्हा सव्वाचार वाजले असतील. मला वाटलं, गावाकडची माणसं, जेवतात भलत्या वेळी.

चाचांचा घसा तीन दिवसांनी उघडला आणि त्यातून सगळं बाहेर आलं. पूर्वी दर शनिवारी चाची विचारायची, आज काय केलंत, आणि हे सांगायचे, काय नाय, झोपलो. की चाची रडायची. "माणूस तिथे एकटा खाटेवर पडलेला असतो, आणि मी इथे माशाचं कालवण खाते." दर शनिवारी हेच. मग हातात ऑस्कारचं पुस्तक आलं आणि एका शनिवारी चाचांच्या तोंडून निघून गेलं, "आज फिरायला गेलतो. मिठाच्या खाणीत." चाची त्या दिवशी रडली नाही. आणखी सांगा म्हणाली.

"मग काय, दर शनिवारी जातोय. सहा वर्षं," चाचा म्हणाले. "बोगोटा जुबैलपासून तीन तास, असं सांगितलंय. सातला निघालो म्हणून फोन करतो, मग फोन बंद. घाटात रेंज नाय ना. दोनला उतरतो."

"आणि मधे?"

"खोलीत. पंखा बघतो. आज रडली नाय म्हणजे झालं."

चाचीकडे बटणाचा फोन, त्यामुळे फोटो दाखवायचा प्रश्न नव्हता. आणि तिला शंका तरी कशी यावी, ती स्वतः कधी कुठे गेलीच नव्हती. तिला गाडी लागते. साधीसुधी नाही. लग्नाची वरात घाट उतरताना तिनं चाचांच्या नव्याकोऱ्या शेरवानीवर जे केलं, ते त्यांच्या गावात अजून सांगतात. त्यानंतर चाळीस वर्षांत माहेर, दवाखाना आणि एकदा मुंब्र्याला लेक सायमाच्या बाळंतपणाला, एवढाच तिचा प्रवास.

आणि मग सायमानं आईला उमऱ्याला पाठवायचं ठरवलं. गावातला एक ग्रुप निघाला होता. मक्का-मदिना झालं की चाची तीन दिवस जुबैलला येणार.

चाचांचा चेहरा बोनट उघडल्यावर धूर निघावा तसा झाला. "विचारतेय, पहिल्या दिवशी तळं का खाण. शेजारच्या फातमाबीनं बाटली दिलीय बरोबर. तळ्याचं पाणी हवंय."

"खरं सांगून टाका चाचा."

"काय सांगू? सहा वर्षं थापा मारल्या? सव्वीस वर्षांत तिच्या वाट्याला आलो किती, दोन वर्षातनं दोन महिने. बाकी नुसता फोन. आता फोनवरचापण खोटा निघालो तर तिच्याकडे राहतंय काय माझं?"



दोन दिवस आम्ही मार्ग शोधले. चाचांचा पहिला मार्ग असा, "सांगू, बोगोटा मेंटेनन्सला बंद हाय."

"अख्खा डोंगर?"

"अख्खा प्लांट नाय का बंद होत?"

शेवटी मी सुचवलं, हुफूफजवळ एक डोंगर आहे, आत थंडगार गुहा आहेत. तीच खाण म्हणू. भिंत चाटायला लावू नका, बस. तळ्याचं वेळेवर बघू. चाचांनी गाडी भाड्यानं घेतली. मला म्हणाले, तू मागे बस, अडलं तर कायतरी बोल.

चाची एवढीशी होती. काळा बुरखा, चेहरा उघडा, हसली की एक सोन्याचा दात. पण सकाळी गाडीत बसताना हसत नव्हती. मांडीवर पिशवी गच्च धरलेली. तिनं ती उघडून सगळं नीट लावून घेतलं. चार लिंबं. आल्याच्या वड्या. ओव्याची पुरचुंडी. प्लास्टिकच्या पिशव्या, एकात एक घातलेल्या, डझनभर. दुपट्टा तोंडापाशी धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.

"चाची, मागे झोपून येता का?" मी म्हटलं.

"नको रे बाबा. बसते. यांनी एवढं बघितलंय, मला एकदा बघू दे. मेले तर मेले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही बाई चाळीस वळणं सोसायची तयारी करून आली आहे.

दम्माम मागे पडलं. रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना वाळू, विजेचे मनोरे, तेलाची पाइपलाइन. चाचा ताठ बसलेले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, खरं तर ते सोडून दिलं असतं तरी गाडी हुफूफला गेली असती.

"घाट कधी लागतो?" चाची डोळे मिटूनच.

"पुढे."

वीस किलोमीटर गेले. "लागला?"

"पुढे हाय."

आणखी वीस. चाचीनं एक लिंबू हुंगायला घेतलं. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग दुपट्टा खाली केला आणि पुढच्या रस्त्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "चाची, या बाजूनं नवीन रस्ता केलाय, डोंगर जरा..."

"अमोल," चाचा म्हणाले, "गप."

त्यांनी गाडी एका पेट्रोल पंपावर बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघूनच बोलले.

"रुकय्या, डोंगर नाय."

"कुठला?"

"कुठलाच. बोगोटा दुसऱ्या देशात हाय, लांब. मी पुस्तकातनं सांगायचो. शनिवारी खोलीतच असतो."

मी मागे इतका आकसून बसलो होतो, की सीटच्या खिशात कोणी मला विसरून गेलं असतं तरी चाललं असतं.

"खाण नाय?"

"हाय. तिकडे."

"चाळीस वळणं?"

"एक हाय. प्लांटच्या गेटला."

चाचीनं लिंबू पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "मग सहा वर्षं मी उपाशी कशाला बसले?"

"कोण उपाशी?"

"सातला निघालो म्हणून सांगायचात. फोन बंद. मला घाट माहीत हाय ना. जानमाज अंथरून दुआ मागत बसायचे. तुम्ही उतरलो म्हणेपर्यंत घास जायचा नाय. साडेचार वाजायचे, कालवण थंडगार. फातमाबी म्हणायची, शनिवारचा रोजा कुठनं काढलाय हिनं."

चाचा पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "सांगितलं का नायस?"

"काय सांगू? तुम्ही एवढे खूश असायचात. जाऊ नका म्हटलं असतं तर परत खाटेवर पडला असतात."

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. सोन्याचा दात दिसला. "आणि तू रे. तळ्याच्या दिवशी फोनवर तूच होतास ना?"

"चाची, ते..."

"आवाज बरोबर होता. खोकलापण. पण यांनी मला चाळीस वर्षांत 'कशी हायस' म्हणून विचारलं नाय. मला वाटलं, घाटात डोक्यावर पडले की काय. तो दिवस मी जेवलेपण नाय नीट."

चाचांनी कपाळाला हात लावला. चाची गाडीतून उतरली. फातमाबीची बाटली घेऊन पंपाच्या मशिदीबाहेर थंड पाण्याचा नळ होता तिथे गेली, बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं आणि परत येऊन बसली.

"हे काय?" चाचा.

"तळ्याचं पाणी. तिला काय कळतंय." पिशव्यांचा डझन तिनं माझ्या मांडीवर टाकला. "यात कचरा भर. चला, निघा. रस्ता पुढेपण असाच हाय?"

"शेवटपर्यंत."

"एकपण वळण नाय?"

"नाय."

चाचीनं सीटला पाठ टेकली. बहुधा सकाळपासून पहिल्यांदा. "असा रस्ता होता तुमच्याकडे, आणि सहा वर्षं मला घाट सांगत बसलात."

गाडी निघाली. पाच-सात किलोमीटर झाले असतील, तिनं पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. चाचांनी घाबरून वेग कमी केला. "चालत्या गाडीत खातेस?"

"भूक लागलीय," चाची म्हणाली. एक तुकडा मोडून तिनं त्यांच्या तोंडाशी नेला, एक मला मागे दिला, मग स्वतः खायला लागली. पोटात काही हललं नाही. तिलाच नवल वाटत होतं, प्रत्येक घासाला जरा थांबून वाट बघायची आणि मग पुढचा घ्यायची.

"सांगा ना," ती म्हणाली.

"काय?"

"शनिवारी सांगता तसं. उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय. फोनवर ऐकलंय, शेजारी बसून ऐकायचं हाय."

चाचा खोकले. तो छोटा खोकला, जो मला अजून नीट जमत नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "पट्टे लावा." मग अडकले. बघितलं इकडे, बघितलं तिकडे. "उजव्या हाताला वाळू हाय."

"बरं."

"डाव्या हाताला... वाळू. आणि एक उंट."

चाचीनं घास खाली ठेवला, काचेला नाक लावून बघितलं.

"दोन हायत," ती म्हणाली. "एक बसलाय."